अभाव, टंचाई, तूट: इंग्रजी अर्ज लिहिताना या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीत आमच्या शेजारपाजारचे लोक इंग्रजीत लिहिलेले अर्ज मला दाखवायला आणतात. नळाला पाणी नाही, शाळेत शिक्षक कमी, वाड्यावरची बस बंद, असे विषय असतात. व्याकरण बहुधा ठीक असतं. चूक सापडते ती 'नाही' किंवा 'कमी आहे' सांगणाऱ्या शब्दात. हा शब्द चुकला की दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो.

एका गावाच्या अर्जाचं तसंच झालं. तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या मंजूर जागा दोन, त्यातली एक कित्येक महिने रिकामी होती. गावकऱ्यांनी 'अ‍ॅब्सेन्स ऑफ डॉक्टर' असं लिहिलं. वाचणाऱ्याने त्याचा सरळ अर्थ घेतला, डॉक्टर कामावर येत नाहीत. जी एकटी डॉक्टर रोज दोघांचं काम ओढत होती, तिच्याकडेच खुलासा मागितला गेला. मला त्या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. अ‍ॅब्सेन्स म्हणजे असायला हवं ते त्या जागी त्या वेळी नसणं, आणि माणसाविषयी वापरला की गैरहजेरी. जागाच भरली नसेल तर 'द पोस्ट इज व्हेकंट' लिहावं. डॉक्टर आहेत पण पुरेसे नाहीत, तर 'शॉर्टेज ऑफ डॉक्टर्स'.

याचं मूळ शाळेत आहे असं मला वाटतं. आपल्याकडे अनेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. त्या घाईत शब्दांच्या जोड्या पाठ होतात: लॅक म्हणजे अभाव, शॉर्टेज म्हणजेही अभाव, डेफिशियन्सी म्हणजेही अभाव. पुढे समानार्थी शब्दांचा कोश हाती येतो आणि त्यातला जो भारदस्त वाटेल तो उचलला जातो. खरं तर मराठीत आपण हे घोटाळे करत नाही. धान्याचा तुटवडा, पैशांची चणचण, पाण्याची टंचाई, अर्थसंकल्पातली तूट, रक्तात लोहाची कमतरता, हे सगळं बिनचूक बोलतो. म्हणून मी लोकांना आधी मराठीत वाक्य म्हणायला लावते. मराठी शब्द नेमका सापडला की इंग्रजी शब्द शोधणं सोपं जातं.

पाण्याच्या अर्जांत सगळ्यात महागात पडणारा शब्द म्हणजे 'स्केअर्सिटी'. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत नळ कोरडे पडतात, हे आपण सगळे भोगतो. पण कारण दर वेळी एक नसतं. कधी धरणाची पातळी खाली जाते, कधी जलवाहिनी फुटते, कधी वीज गेल्यामुळे पंप बंद राहतो. 'वॉटर स्केअर्सिटी' लिहिलं की अर्थ होतो, मुळात स्रोतालाच पाणी कमी आहे. मग कार्यालयाला उत्तर देणं सोपं: निसर्गापुढे इलाज नाही. वाहिनी फुटून तीन दिवस पाणी आलं नसेल तर 'इंटरप्शन इन वॉटर सप्लाय' लिहा. एक दिवसाआड येत असेल तर 'इरेग्युलर सप्लाय'. येतं पण पुरत नाही, तर 'इनअ‍ॅडिक्वेट सप्लाय'. अशा वेळी जबाबदारी पुरवठ्यावर राहते, पावसावर जात नाही.

अर्थशास्त्रात हा फरक आणखी काटेकोर आहे. तिथे स्केअर्सिटी कायमची असते, गरजा खूप आणि साधनं मर्यादित. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची व्याख्याच तिच्यावर उभी केली. शॉर्टेज मात्र चालू भावाला मागणीपेक्षा पुरवठा कमी पडला की होतं, आणि पुरवठा वाढला किंवा भाव चढला की सरतं. आपल्या बाजारात ते दर वर्षी दिसतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. नुस्तं, म्हणजे मासळी, कमी येतं, बांगड्याचा भाव चढतो, ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की पुन्हा उतरतो. हे शॉर्टेज. समुद्रातला बांगडाच वर्षानुवर्षं आटत गेला, तर ती स्केअर्सिटी. तिच्याजवळच 'रेअर' उभा असतो, पण तो वेगळा. मुळातच क्वचित आढळणारी वस्तू रेअर, जसं पोर्तुगीज काळातलं एखादं नाणं. एरवी भरपूर मिळणारा कांदा मिळेनासा झाला तर तो स्केअर्स.

'लॅक'मध्ये चूक होते ती 'ऑफ'ची. 'देअर इज अ लॅक ऑफ बेंचेस' बरोबर, कारण इथे लॅक नाम आहे. 'वी लॅक ऑफ बेंचेस' चूक. क्रियापद असताना 'ऑफ' येत नाही, 'वी लॅक बेंचेस' एवढंच. शिवाय स्पेलिंगमधलं शेवटचं के गळलं तर चेकवर लिहितात तो लाख होतो. निधीच्या अर्जात हे फार वाईट दिसतं.

दुहेरी नकारही सांभाळा. 'लॅक ऑफ इनसफिशियंट स्टाफ' असं मी खरोखर वाचलं आहे. त्याचा अर्थ अपुऱ्या कर्मचाऱ्यांचीच वाण आहे, असा होतो.

डेफिशियन्सी आणि डेफिसिट यांची अदलाबदल मुलं फार करतात. शरीराला किंवा पिकाला लागणारा घटक कमी पडतो ती डेफिशियन्सी: लोहाची, ड जीवनसत्त्वाची. दोन आकड्यांमधला फरक ऋण निघतो तो डेफिसिट, म्हणून अर्थसंकल्पात डेफिसिट असतो. पावसाच्या बातमीत दोन्ही येतात आणि तिथे 'डेफिशियंट'ला ठरलेलं माप आहे. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी पाऊस 'नॉर्मल'च धरतात, २० ते ५९ टक्के कमी असेल तर 'डेफिशियंट', आणि ६० ते ९९ टक्के कमी असेल तर 'लार्ज डेफिशियंट'. तेव्हा १२ टक्के तूट पडलेल्या तालुक्याला डेफिशियंट म्हणू नका.

'डर्थ' आणि 'पॉसिटी' हे टंचाईसाठीचेच भारदस्त शब्द. डर्थ हा 'डिअर' म्हणजे महाग या शब्दातून आला. धान्य कमी पडलं की महाग होतं, त्या अनुभवातून. ग्रामसभेच्या पत्रात दोन्हींची गरज नाही. 'फॉर वॉन्ट ऑफ' मात्र ओळखून ठेवा, कोर्टाच्या कागदांत येतं. 'फॉर वॉन्ट ऑफ एव्हिडन्स' म्हणजे पुराव्याअभावी. इथल्या वॉन्टचा इच्छेशी संबंध नाही.

आणि आकडा हाती असेल तर मला सगळ्यात आवडतो तो 'शॉर्टफॉल'. ठरलेलं किती, मिळालं किती, फरक किती, हे तो सांगतो. परवा एका पालकसंघाच्या पत्रात 'लॅक ऑफ टीचर्स' खोडून आम्ही लिहिलं: 'अगेन्स्ट सिक्स सँक्शन्ड पोस्ट्स, ओन्ली फोर टीचर्स आर वर्किंग, अ शॉर्टफॉल ऑफ टू.' त्याखाली कोणत्या दोन विषयांचे शिक्षक नाहीत ते लिहिलं, आणि पत्र त्याच दुपारी दिलं.