कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जाताना स्टोव्हवरची खिचडी कशी करावी

अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जायचं म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं, "जेवणाची कसली काळजी करताय, कोकणात पावलोपावली खाणावळी आहेत." हे सांगणारे बहुतेक मोटारीने गेलेले असतात. घरगुती खाणावळीत जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, आणि सायकलवाल्याला तर आपण संध्याकाळी कुठल्या गावात असू हेही दुपारपर्यंत माहीत नसतं. मी हा रस्ता सहा वेळा केला आहे. पहिल्या दोन खेपांना बिस्किटांवर झोपलेल्या रात्री मोजल्या आणि तिसऱ्या खेपेपासून स्टोव्ह बरोबर घेतला.

सायकलची तयारी, पंक्चर, सुट्या ट्यूबा हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. सायकल बोटीत सहज चढते. किनाऱ्याचा रस्ता म्हणून तो सपाट असेल असं मात्र समजू नका. खाडीशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या उघड्या माळावर चढायचं, दिवसभर हेच. सड्यावर ना सावली ना पाणी. भूक लागायची वाट न बघता तासा-तासाने केळं, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

स्वयंपाकाचं सामान

झाकणाचं जाड बुडाचं दीड लिटरचं पातेलं, सांडशी, चमचा, फिरकीच्या झाकणाची रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, दोन काडेपेट्या (एक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली) आणि छोटा स्पिरिटचा स्टोव्ह. एवढंच.

"छोटा कुकर न्या" हा सल्ला मला दर वेळी मिळतो आणि तो चुकीचा आहे. कुकरचं वजन किलोच्या वर जातं आणि स्पिरिटच्या एवढ्याशा ज्योतीवर त्याची शिट्टी व्हायला जीव जातो. कॅम्पिंगच्या गॅसच्या डब्या वाटेतल्या गावांत मिळत नाहीत, रॉकेल आता कुणी देत नाही. स्पिरिट मात्र तालुक्याच्या गावी रंग-पॉलिशच्या दुकानात मिळतं. दिवसाला एक खिचडी आणि दोन चहा धरले तर ८० मिली लागतं, म्हणजे अर्धा लिटर सहा दिवस पुरतं.

स्पिरिटबद्दल दोन गोष्टी नीट वाचा. हे स्पिरिट विषारी असतं. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. वेगळ्या आकाराची बाटली घ्या, तिला लाल चिकटपट्टी लावा आणि पाण्याच्या बाटल्यांपासून लांब, सायकलच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दुसरं, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. हर्णैजवळ भर दुपारी विझला म्हणून मी स्टोव्हमध्ये वरून स्पिरिट ओतलं. तो विझला नव्हता. धार पेटत बाटलीपर्यंत आली आणि उजव्या हाताची बोटं भाजली. पुढचे चार दिवस ब्रेक डाव्या हाताने धरले. स्टोव्ह पूर्ण गार झाल्याची खात्री होईपर्यंत थेंबभरही ओतायचं नाही. त्यासाठी वर पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांबा.

सकाळ आणि दुपार

सकाळी दडपे पोहे. पातळ पोह्यांवर खवलेला नारळ, बारीक कांदा, मिरची, मीठ, लिंबू. नारळाचंच पाणी शिंपडून दहा मिनिटं दडपून ठेवायचे. दुपारी दहीपोहे, किंवा वाटेत मिळेल ते.

रात्रीची खिचडी

माझी सगळी धडपड इथे झाली, म्हणून इथे सावकाश सांगतो.

स्पिरिटच्या स्टोव्हची आच कमी-जास्त करता येत नाही. घरी आपण खिचडी उकळली की आच मंद करतो आणि निवांत शिजू देतो; इथे ते जमत नाही. अर्धा तास त्याच आचेवर ठेवली की वर पाणी, मध्ये टचटचीत दाणा आणि बुडाशी करपलेला थर. तीन मुक्काम मी अशी खिचडी खाल्ली. पाणी वाढवून पाहिलं, सतत ढवळून पाहिलं, स्टोव्हखाली दगड लावून पातेलं उंच करून पाहिलं. उपयोग झाला नाही.

शेवटी हेदवीला एका घराच्या मागच्या पडवीत स्टोव्ह पेटवायची परवानगी मागितली. आजी म्हणाल्या, "पेटवा हो, पण त्या पेंढ्याच्या जवळ नको." मग मला ढवळताना बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "किती वेळ जाळताय? एक उकळी फुटली ना? उतरवा आणि गुंडाळून ठेवा. वाफेवर मुरेल." त्यांनी आतून जुनी गोधडी आणून दिली, पातेलं त्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. चाळीस मिनिटांनी झाकण काढलं तर खिचडी मऊ, दाणा न दाणा शिजलेला आणि जीभ भाजेल इतकी गरम. तेव्हापासून मी आच फक्त उकळी आणून ती काही मिनिटं टिकवण्यापुरती वापरतो. शिजण्याचं अर्धं काम आधी भिजवण्यात होतं आणि उरलेलं नंतर गोधडीत.

एका दमलेल्या माणसाला वाटीभर, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ लागते. तांदूळ कोलम किंवा आंबेमोहर घ्या. कोकणातल्या दुकानांत उकडा तांदूळ सहज मिळतो, चवीला मला तो फार आवडतो, पण तो शिजायला खूपच वेळ घेतो. या पद्धतीत तो कच्चा राहणार. डाळ सालं काढलेली पिवळी मूगडाळच हवी. तूरडाळीचा नाद सोडा, ती कुकरशिवाय दाद देत नाही.

मुक्कामाच्या दोन तास आधी कुठल्या तरी नळावर थांबून तांदूळ-डाळ धुवा, बरणीत दोन बोटं वर राहील इतकं पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि बरणी बाटलीच्या जागी अडकवा. धोपाव्याच्या धक्क्यावर उतरून गुहागरकडे निघालो की मी हे काम तिथेच उरकतो. सकाळपासून भिजत घालू नका. मी एकदा वेळ वाचवायला केळशीहून निघतानाच भिजवलं होतं. संध्याकाळी झाकण उघडलं तर फेस आणि आंबट वास. सगळं टाकून द्यावं लागलं आणि त्या गावात दुकान बंद झालेलं होतं. कोकणच्या दमट उन्हात तीन तासांच्या वर जाऊ नका.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उघड्यावर ज्योत पातेल्याच्या बाजूने निघून जाते. म्हणून पडवी, देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा, विचारून. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर स्वयंपाक करू नका, फोटो कितीही छान येवो. वाळू पातेल्यात जाते. सुरूच्या बनात तर खाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो, एक ठिणगी पुरते. शिवाय वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री कासवं अंडी घालायला येतात. तिथे आग काय, विजेरीचा झोतसुद्धा नको.

वाऱ्याला आडोसा तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून करा. पातेल्याभोवती बोटभर मोकळी जागा राहू द्या आणि खालच्या कडेला भोकं पाडा, नाहीतर हवेवाचून ज्योत गुदमरते. हाच आडोसा गॅसच्या डबीच्या स्टोव्हभोवती कधीही लावू नका. डबी तापून फुटू शकते.

आता प्रत्यक्ष कृती. स्टोव्हमध्ये ५० मिली स्पिरिट मोजून घाला. तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. फोडणी तडतडली की भिजलेलं तांदूळ-डाळ निथळून त्यात टाका आणि मिनिटभर परता. मीठ, थोडा गोडा मसाला, असेल तर कांदा-बटाटा अगदी बारीक चिरून. बटाट्याचे मोठे तुकडे कच्चे राहतात. मग साडेतीन वाट्या पाणी. घरी आपण जास्त घालतो, पण इथे वाफ बाहेर जात नाही, म्हणून एवढं पुरतं. झाकण ठेवा. खळखळून उकळी आली की तळापासून एकदा ढवळा आणि घड्याळ लावून सहा मिनिटं तशीच उकळू द्या. तांदळाचा दाणा बोटांत दाबून बघा: बाहेरून मऊ आणि मधे पांढरा बारीक ठिपका दिसला की उतरवायची वेळ झाली. ठिपका मोठा असेल तर आणखी दोन मिनिटं.

उतरवल्यावर झाकण उघडून बघायचा मोह आवरा. पातेलं आधी टॉवेलमध्ये, मग गोधडीत किंवा झोपायच्या पिशवीत गुंडाळा. खालूनसुद्धा, कारण फरशी उष्णता ओढून घेते. बूड पेटलेल्या स्टोव्हवरून नुकतंच उतरलेलं असतं, म्हणून नायलॉनच्या पिशवीला ते थेट लागू देऊ नका, वितळते. मधे टॉवेल सुतीच हवा. चाळीस मिनिटं. तेवढ्यात अंघोळ होते, कपडे धुऊन होतात. पातेलं निम्मं रिकामं असेल तर ते लवकर गार होतं आणि दाणा टणक राहतो. एकट्यासाठी करत असलात तरी वर दिलेल्या मापाखाली जाऊ नका. जोडीला पापड किंवा आगळात (कोकमाच्या घट्ट रसात) मीठ आणि पाणी घालून केलेलं सार.

उरलेली खिचडी सकाळसाठी ठेवू नका. गुंडाळलेल्या उबेत भात रात्रभरात खराब होतो, आणि सड्यावर पोट बिघडलं तर दवाखाना लांब असतो.

खिचडीचा कंटाळा आला तर कुळथाची पिठी करा; फोडणीच्या उकळत्या पाण्यात पीठ पेरत ढवळायचं, दहा मिनिटांत होते. भांडी नारळाच्या शेंडीने आणि चिमूटभर राखेने निघतात.

परतीचा प्रवास

बहुतेक जण सावंतवाडी किंवा मडगावहून रेल्वेने परततात. सायकल पार्सलमध्ये टाकताना पेट्रोलसारखंच स्पिरिटही रेल्वेत चालत नाही, हे लक्षात ठेवा. ज्वलनशील पदार्थ गाडीतून नेणं गुन्हा आहे. उरलेलं स्पिरिट गटारात ओतू नका. शेवटच्या संध्याकाळी त्यावर चहा करा, जास्त असेल तर दोनदा करा. मग बाटली आणि स्टोव्ह झाकण काढून रात्रभर पडवीत उघडे ठेवा, म्हणजे सकाळी वासही राहत नाही.