घरच्या बिअरचा पहिला घोट

बाटल्या भरून 14 दिवस झाले की एकच उघडा. आदल्या रात्री ती फ्रिजमध्ये उभी ठेवा, गाळ तळाशी घट्ट बसतो. ग्लास तिरपा धरून एका दमात ओता, शेवटचं बोटभर सोडून द्या.

आधी वास घ्या. हिरव्या सफरचंदासारखा आला तर बिअर कच्ची आहे, बाकीच्या बाटल्या अजून दोन आठवडे मुरू द्या. नेलपॉलिशसारखा वास आणि घशात जाळ म्हणजे आंबवताना उष्णता जास्त झाली. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात घरातच पारा 35 वर असतो. आंबवायच्या भांड्याला रांजणासारखं ओलं गोणपाट गुंडाळून थोडा फरक पडतो, पण खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीच.

झाकण काढताच फेस उसळला तर सगळ्या बाटल्या लगेच थंड करा, नाहीतर फुटतील.