पेटीतलं कोरीव कोल्ट घ्यायचंय? आधी पेटी रिकामी करा

मखमली अस्तराची पेटी, आत नक्षीदार रिव्हॉल्व्हर, शेजारी बंदुकीच्या दारूची कुप्पी, गोळ्या ओतायचा साचा, बार पेटवणाऱ्या कॅपची डबी. असा संच समोर आला की भल्याभल्यांचं भान सुटतं. मी अमेरिकेत बरीच वर्षं कोल्ट या तिथल्या कंपनीची जुनी रिव्हॉल्व्हरं जमवतोय, आणि "आधी स्वस्तातला एखादा संच घेऊन हात बसवा" हा सल्ला ऐकला की अजूनही डोकं फिरतं. स्वस्तातला पेटीबंद संच म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी गेल्या काही वर्षांत जुळवलेला संच. त्यापेक्षा पेटीविना एक चांगलं रिव्हॉल्व्हर घ्या.

कायद्याचं आधी उरकतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटिक' ठरतं, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी बघा. मुठीला हस्तिदंत असेल तर न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात विक्रीवर आणखी बंधनं आहेत. आणि "गावच्या घरी शोकेसमध्ये ठेवू" हा विचार सोडा. आपल्याकडच्या १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ पुरातन हत्याराला सूट देतं, पण दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशालाच. ठणठणीत कोल्ट त्यात बसत नाही.

मॉडेल एकच निवडा. नवख्याला १८४९चं पॉकेट किंवा १८५१चं नेव्ही बरं. दोन्ही लाखांच्या संख्येनं बनली, त्यामुळे ताडून बघायला नमुने भरपूर मिळतात.

आता नक्षी. नेव्हीच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र आणि १६ मे १८४३ ही तारीख असते. पॉकेटवर घोडागाडी लुटण्याचा प्रसंग असतो. ही वॉटरमन ऑर्म्सबी या कोरक्याच्या साच्यावरून रोलरनं उमटवलेली चित्रं, साध्यातल्या साध्या नगावरही असतात. त्यांना हातानं कोरलेली म्हणून जादा पैसे मागणारा विक्रेता भेटला तर नमस्कार करून पुढे जा. खरं कोरीवकाम चौकटीवर, नळीवर, मुठीच्या पट्ट्यांवर शोधायचं: वेलबुट्टी, मागे बारीक ठिपक्यांची जमीन. गुस्ताव यंग आणि न्यूयॉर्कचा निम्श्के या त्या काळच्या नामी कोरक्यांचा हात ओळखायला फोटो पुरत नाहीत. कोल्टचा कारखाना होता त्या हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियम या संग्रहालयात कंपनीचा संस्थापक सॅम्युअल कोल्टच्या पत्नीनं दिलेला संग्रह आहे, तिथे एक दिवस घालवा.

नक्षी नंतरची आहे का, हे दहापट भिंग सांगतं. गंजाच्या खड्ड्यांवरून रेघ धारदार गेली असेल तर आधी गंज आला, मग नक्षी. कंपनीचा शिक्का वेलीनं अर्धा खाल्ला असेल, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, तर जुनं पोलाद घासून वर नवं काम केलंय. क्रमांक चौकट, नळी, ट्रिगर-गार्ड आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर एकच हवा.

इथवर मलाही जमत होतं. फसलो तो पेटीत.

फेब्रुवारी १८६४मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली आणि बरेच कागद गेले. त्यामुळे त्याआधीचं एखादं रिव्हॉल्व्हर याच पेटीतून बाहेर पडलं, असं सांगणारा पुरावा सहसा कागदावर सापडत नाही. तो पेटीतच शोधावा लागतो. मी चार इंची नळीचं १८४९चं पॉकेट घेतलं, निळ्या मखमलीच्या पेटीसकट. नक्षी अस्सल, क्रमांक जुळलेले. पेटी उघडली, वाहवा केली, पैसे मोजले. घरी आल्यावर सगळं बाहेर काढलं, तर मखमलीवर दबलेला ठसा सहा इंची नळीचा! दुसऱ्याच कुणाच्या बिछान्याचं माप. दुकानदारानं अर्थातच परत घेतलं नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. विक्रेत्यासमोरच पेटी पूर्ण रिकामी करायची. का-कू करत असेल तर व्यवहार तिथेच संपला. मग तिरप्या उजेडात अस्तर बघायचं. रिव्हॉल्व्हर जिथे टेकतं तिथे लव दबलेली हवी, घोड्याचा आणि सिलिंडरचा ठसा हवा, तेलाचा डाग पोलादाच्या आकाराचा हवा. झाकलेल्या जागी रंग गडद आणि उघड्या जागी उडालेला हवा. सगळीकडे सारखा फिका रंग म्हणजे चहाच्या पाण्याची करामत. कुप्पी आणि साचा आपापल्या कप्प्यात नीट बसले पाहिजेत. डुगडुगत असतील तर ते पाहुणे आहेत.

मग अंधार करून अतिनील टॉर्च. आजच्या बऱ्याच धाग्यांत, कापडांत आणि कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर-पांढरी उजळतात. १८५०च्या पेटीत एखादी शिवण ट्यूबलाइटसारखी पेटली तर बाकी काही बघू नका. अस्तर न उजळणं मात्र अस्सलपणाचा दाखला नाही, खोटं करणाऱ्यांकडेही टॉर्च असते.

शेवटी बिजागऱ्या. त्यांच्याशेजारी बुजवलेली भोकं दिसली तर पेटी आधी कशाची तरी दुसऱ्याच वस्तूची होती. काटे-चमच्यांच्या पेट्या यासाठी फार सोयीच्या पडतात.

पेटी जुळत नसेल तरी रिव्हॉल्व्हर चांगलं असू शकतं. मग पेटी शून्य किमतीची धरून घासाघीस करा.

घरी आणल्यावर पितळेच्या पट्ट्यांना ब्रासो लावू नका, त्यांवर उरलीसुरली चांदी असते. पोलादावर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा, तेल मखमलीत उतरतं. आणि पेटीच्या लाकडाला पॉलिशवाल्याचा हात लागू देऊ नका.