कुलाब्यात स्वस्तात राहायचं तर

ताजच्या मागच्या गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर स्वस्त गेस्ट हाऊस अजून आहेत. पण फोटो बघून पैसे भरू नका. मोठ्या खोलीत प्लायवूडची पार्टिशन घालून तिच्या तीन केलेल्या असतात. त्यामुळे फोन करून सरळ विचारा: खिडकी आहे का, आणि ती बाहेर उघडते की पॅसेजमध्ये? मुंबईच्या दमट हवेत बिनखिडकीची खोली म्हणजे ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. बाथरूम कॉमन असेल तर माझी हरकत नसते, उलट तिथे वाचलेले पैसे एसीवर घालावेत. भिंतीला कान लावावा लागत नाही, शेजारचा घोरलेला तसाच ऐकू येतो. कानात घालायचे बोळे न्या.

लिफ्ट आहे का आणि रात्री चालू असते का, हेही विचारा. सामान जड असेल तर हा प्रश्न भाड्याआधी. मुंबईचा पत्ता असलेलं आधार चालतं का, तेही आधीच पक्कं करा. काही ठिकाणी नाही म्हणतात. चेक-आउट दुपारी बाराचा धरून चालू नका.

विमानतळावरून टॅक्सी करून वाचवलेलं भाडं घालवू नका. मेट्रो ३ थेट हुतात्मा चौकापर्यंत येते, तिथून गेटवे चालत. आणि घारापुरीला जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.