मेडिगॅप घेताना: भाव कसा पडताळावा, अंडररायटिंग कुठे आडवं येतं

अमेरिकेत पासष्टी जवळ आली, म्हणजे मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळायची वेळ आली, की घरच्या टपालपेटीत विमा कंपन्यांची पत्रं पडायला लागतात. त्यातली पुष्कळशी मेडिकेअर ॲडव्हान्टेजची, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घ्यायच्या प्लॅनची असतात. ती इथे बाजूला ठेवू. मूळ मेडिकेअर ठेवून तिच्या जोडीला पुरवणी विमा, म्हणजे मेडिगॅप, घ्यायचं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, म्हणजे पार्ट बी, मंजूर बिलाचे साधारण ८० टक्के भरतो. उरलेल्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. केमोथेरपीच्या बिलाचे २० टक्के काढून बघा, मेडिगॅप का घ्यायचा ते लगेच कळतं.

१. आधी तारीख काढा

वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात जुळतात तिथून सहा महिने मोजा. या सहा महिन्यांत अंडररायटिंग, म्हणजे तब्येत पाहून घ्यायचं की नाही ते ठरवणं, चालत नाही: कंपनी तुमच्या आजारपणामुळे पॉलिसी नाकारू शकत नाही आणि हप्ताही वाढवून लावू शकत नाही. ही मुदत एकदाच मिळते. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात दरवर्षी जी धामधूम चालते ती ॲडव्हान्टेज आणि औषधांच्या पार्ट डी प्लॅनची. मेडिगॅपशी तिचा संबंध नाही, तरी निम्मा गोंधळ तिथेच होतो.

नोकरी चालू आहे आणि कंपनीचा विमा आहे म्हणून पार्ट बी उशिरा घेतला, तर सहा महिनेही तेव्हापासूनच. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांनाही हेच लागू. सलग पाच वर्षं राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं, आणि ७२ व्या वर्षी पार्ट बी सुरू झाला तरी सहा महिन्यांचं दार त्यांच्यासाठीही उघडतं. फक्त मेडिगॅपसाठी पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) आणि पार्ट बी दोन्ही हवेत. आणखी एक: आधीचा मान्य विमा नसेल तर जुन्या आजाराच्या खर्चासाठी कंपनी सहा महिन्यांपर्यंत थांबवू शकते. घेण्याआधी हे विचाराच.

२. मग अक्षर

प्लॅनना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, आणि एका अक्षराचे मूळ फायदे सगळ्या कंपन्यांत सारखेच असतात. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांची रचना तेवढी वेगळी. एजंट “आमचा प्लॅन जी जास्त चांगला” म्हणाला, तर नेमकं काय चांगलं ते विचारा; उत्तर हप्त्यापाशी किंवा कंपनीच्या सेवेपाशीच येऊन थांबतं.

१ जानेवारी २०२० रोजी किंवा त्यानंतर मेडिकेअरला पात्र झालेल्यांना सी आणि एफ घेता येत नाहीत. म्हणून बहुतेकांची निवड जी आणि एन यांतच होते. जी घेतला तर मेडिकेअरला मान्य उपचारांत तुम्हाला फक्त पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, भरावं लागतं; २०२५ मध्ये ते २५७ डॉलर होतं. एनमध्ये त्याशिवाय डॉक्टरच्या भेटीला २० डॉलरपर्यंत, इमर्जन्सी रूममधून दाखल न होता परत आलात तर ५० डॉलरपर्यंत, आणि मेडिकेअरचा दर न मानणाऱ्या डॉक्टरने लावलेला जादा आकार, जो १५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत हा जादा आकार लावायलाच बंदी आहे.

हिशेब सोपा आहे. एन महिन्याला ३० डॉलरने स्वस्त मिळत असेल तर वर्षाला ३६० वाचले. वीस वीस डॉलरच्या अठरा भेटी झाल्या की ते गेले.

हिवाळ्यात पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी एक कलम नीट वाचावं. जी आणि एन दोन्हींत परदेशातल्या तातडीच्या उपचाराची सोय आहे: प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेलं आजारपण, आधी २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून कमाल ५०,००० डॉलर. नोव्हेंबरात गेलात आणि फेब्रुवारीत छातीत दुखलं, तर यातून काही मिळणार नाही. तिसऱ्या महिन्याची सोय वेगळी करा.

३. कोट मागवा, पण आजच्या आकड्यावर भाळू नका

अक्षर, पिन कोड, वय, तंबाखूचा वापर हे सगळं सारखं ठेवून चार-पाच कंपन्यांचे दर घ्या. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकला की तुमच्या भागातल्या कंपन्या आणि दर दिसतात. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे. कॅलिफोर्नियात तिला ‘हायकॅप’ म्हणतात. एजंटकडे गेलात तर तो कोणकोणत्या कंपन्या विकतो ते आधी विचारा.

हप्ता तीन तऱ्हांनी ठरतो. एकीत सगळ्या वयांना दर सारखा. न्यूयॉर्क, कनेटिकट, वॉशिंग्टन अशा मोजक्या राज्यांत हीच पद्धत सक्तीची आहे. दुसरीत घेतानाचं वय धरतात, पुढे वयापोटी वाढ नाही. तिसरीत वय वाढेल तसा हप्ता वाढतो. तिसरी पद्धत सुरुवातीला हमखास स्वस्त दिसते. महागाईपोटी होणारी वाढ मात्र तिन्हींत येते.

माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हा: गेल्या पाच वर्षांत या प्लॅनचा हप्ता दरवर्षी किती टक्के वाढला? नवी कंपनी कमी दर लावून ग्राहक गोळा करते. काही वर्षांनी दर चढतात, तेव्हा धडधाकट लोक दुसरीकडे निघून जातात. अंडररायटिंगमुळे ज्यांना कुणी घेत नाही ते मागे उरतात, आणि वाढता खर्च त्यांच्यावर पडतो. म्हणून महिन्याला दहा-बारा डॉलर जास्त देऊन संथ वाढीची कंपनी घेणं मला शहाणपणाचं वाटतं. नवराबायको दोघांना मिळून सवलत मिळते का, तेही विचारा. पॉलिसी मात्र प्रत्येकाची वेगळी असते.

४. सहा महिने उलटून गेले असतील तर

मग अर्जात प्रश्नांची यादी येते: गेल्या काही वर्षांत हृदयविकाराचा झटका, कॅन्सर, डायलिसिस, इन्शुलिन, सुचवलेली पण न केलेली शस्त्रक्रिया. नियम कंपनीगणिक बदलतात. मधुमेह गोळ्यांवर ताब्यात असलेल्याला एक कंपनी नाकारते, तर दुसरी घेते. म्हणून अर्ज भरण्याआधी एजंटकडून त्या कंपनीची नाकारण्याची यादी मागून घ्या. औषधांच्या दुकानातल्या नोंदी कंपन्या तपासतात. भारतातून आणलेल्या गोळ्या त्या नोंदींत दिसत नाहीत, पण अर्जात विचारलं तर त्याही लिहा; लपवलेलं पुढे उघड झालं तर पॉलिसी रद्द होऊ शकते.

काही वाटा प्रश्नांशिवायही आहेत. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये वर्षभर केव्हाही घेता येतं. कॅलिफोर्निया आणि ओरेगनमध्ये वाढदिवसाच्या सुमारास आहे त्या मेडिगॅपवरून तितक्याच किंवा कमी फायद्यांच्या प्लॅनवर जाता येतं. ६५ व्या वर्षी मेडिकेअर मिळताच ॲडव्हान्टेज घेतलं आणि वर्षाच्या आत सोडलं, तर मेडिगॅपचा हक्क शाबूत राहतो. नोकरीचा विमा संपला तर साधारण ६३ दिवसांत अर्ज करावा.

कंपनी बदलताना जुनी पॉलिसी आधी रद्द करू नका. नवीची लेखी मंजुरी हातात येऊ द्या. नव्या पॉलिसीला ३० दिवसांची पारखण्याची मुदत असते. त्या महिन्यात दोन्ही हप्ते भरावे लागतात, पण नवीन पटली नाही तर जुनी जिथल्या तिथे असते.