दुसऱ्याच्या जनहित याचिकेत सामील होताना या चुका टाळा

समजा, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जंगलासाठी एखाद्या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका घातली. जंगलातलं बांधकाम आणि वाहतूक बंद करा, अशी मागणी. हेतू चांगलाच आहे. पण त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गावाला याचिकेचा पत्ताच नाही. कोर्टापुढे संस्था आहे, सरकार आहे, वनखातं आहे, गाव नाही.

असं खरंच घडतं. जंगलं वाचवण्यासाठी १९९५ पासून चालू असलेल्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी अभयारण्यांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा ठेवण्याचा आदेश दिला. त्या पट्ट्यात नवं पक्कं बांधकाम करायचं नाही, असंही त्यात होतं. देशभरातल्या जंगलकाठच्या माणसांची झोप उडाली. पुढे केंद्र सरकार, केरळ आणि इतरांनी अर्ज केले, अडचणी मांडल्या, आणि २६ एप्रिल २०२३ रोजी ती सरसकट अट न्यायालयाने सैल केली. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचलं की आदेश बदलू शकतो. म्हणून सामील व्हा, पण नीट व्हा.

खटला कोणत्या प्रकारचा आहे ते न पाहणं

आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: सीमाप्रश्नाच्या दाव्यात आम्हालाही पक्षकार होता येईल का? महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला हा दावा राज्यघटनेच्या कलम १३१ खाली आहे. महाराष्ट्र मागत असलेल्या ८६५ गावांचं भवितव्य त्यावर ठरणार असलं, तरी कलम १३१ हे केंद्र आणि राज्यं यांच्या आपसातल्या वादासाठी आहे. अशा दाव्यात खाजगी पक्षकार बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच बिहारच्या एका दाव्यात स्पष्ट केलं. मनाला लागतं, पण तिथे अर्ज करण्यात वेळ आणि पैसा घालवू नका. सरकारी सूचना, परिपत्रकं मराठीतून मिळावीत हा प्रश्न मात्र वेगळा आहे. १५ टक्के किंवा अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं देशपातळीवर ठरलेलं आहे. त्यासाठी कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तशा याचिकेत नागरिक व संस्था सामील होऊ शकतात.

पक्षकार व्हायचं की हस्तक्षेप करायचा, हे न ठरवणं

ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच देता येत नाही, तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय आदेश देता येतो, पण वादाचा पूर्ण निकाल लावायला जो समोर हवा, तो योग्य पक्षकार. १९६३ च्या उदित नारायण सिंग निकालातली ही फोड वकील आजही वापरतात. पक्षकार झालात की प्रतिज्ञापत्रावर उत्तर देता येतं आणि निकाल विरोधात गेला तर पुढे आव्हान देणं सोपं जातं. हस्तक्षेप करणाऱ्याला न्यायालय परवानगी देईल तेवढंच बोलता येतं. घर, शेत, रस्ता जाणार असेल तर पक्षकार होण्याचीच मागणी करा. फक्त कायद्याच्या मुद्द्यावर मत मांडायचं असेल तर हस्तक्षेप पुरे. अर्जात मुख्य मागणी पक्षकार होण्याची आणि ती मान्य न झाल्यास हस्तक्षेपाची, असं दोन्ही लिहिता येतं.

आपला स्वार्थ लपवणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे कच्चे पडतात. जनहित याचिका करणाऱ्याने 'यात माझा वैयक्तिक फायदा नाही' असं सांगायचं असतं. तेच वाचून लोक सामील होण्याच्या अर्जातही 'आम्ही केवळ समाजहितासाठी' असं लिहितात. तुमच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे! तुमचा हक्क धोक्यात आहे, म्हणूनच तुम्हाला आत घ्यायचं आहे. नुसती माहिती किंवा पुरावा जवळ आहे एवढ्यावर कुणी पक्षकार ठरत नाही. निकालाने तुमच्या हक्काला थेट धक्का बसतो, हे दाखवावं लागतं.

म्हणून मूळ याचिकेची प्रत मिळवा आणि तिच्यातल्या मागण्यांचा भाग आधी वाचा. कोणत्या क्रमांकाची मागणी मान्य झाली तर तुमचं काय जाईल, ते अर्जात त्या क्रमांकासह लिहा. 'गावकऱ्यांचं अतोनात नुकसान होईल' या वाक्याला वजन नाही. 'मागणी क्रमांक दोनप्रमाणे रस्ता बंद झाला तर गावातून दवाखान्याला आणि शाळेला जायला दुसरी वाट उरत नाही' याला आहे. सोबत आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), वनहक्क कायदा २००६ खाली केलेल्या दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव, नकाशा जोडा. आणि सरकार किंवा याचिकाकर्ता जे सांगत नाही, ते तुम्ही काय सांगणार, यावर एक परिच्छेद हवाच. तो नसेल तर 'हे तर सरकारी वकील बोलतीलच' म्हणून अर्ज बाजूला पडू शकतो. गावातले इतर जुने वाद यात घुसडू नका.

कागद मराठी किंवा कन्नड असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मंडळातर्फे अर्ज असेल तर सही कोण करणार याचा ठराव आधी करून घ्या. म्हणणं एकच असेल तर घरटी वेगळा अर्ज नको, सगळ्यांचा मिळून एकच करा.

'ते लढतायत ना' म्हणून गप्प बसणं

दुसऱ्याने घातलेल्या याचिकेचा निकाल तुम्हालाही बांधू शकतो. बेंगळुरू–म्हैसूर कॉरिडॉर प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तेच सांगितलं: जनहिताच्या याचिकेत एकदा निकाली निघालेला मुद्दा पुन्हा उकरता येत नाही. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाची तारीख पाहत राहा आणि याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे आहे की बेंगळुरूला, याची खात्री करा. याचिकाकर्ता मध्येच माघार घेऊ लागला तर तेव्हाच अर्ज करा. तुरुंगातल्या मुलांसाठीच्या शीला बर्से प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका मागे घेऊ दिली नव्हती; मूळ याचिकाकर्तीच्या जागी विधी साहाय्य समितीला आणून खटला पुढे चालवला.

सुनावणी संपून निकाल राखून ठेवल्यावर अर्ज केला तर तो मान्य होणं फार अवघड. निकाल लागूनच गेला असेल तर पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाला निकाल पुन्हा तपासायला सांगणं), किंवा परवानगी मागून सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढे मार्ग राहतात. सामील होण्याचा अर्ज फेटाळला गेला, तर निदान लेखी म्हणणं रेकॉर्डवर घ्यावं अशी विनंती वकिलांना त्याच दिवशी करायला सांगा.