स्कूबाच्या बोटीत पाय ठेवण्याआधी

मी देवबागची. सहा हंगाम मालवणात एका स्कूबावाल्याकडे, म्हणजे हवेचा सिलिंडर लावून पाहुण्यांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्याकडे, किनाऱ्यावरच्या टेबलाशी बसून यादी लिहायचं काम केलं. फुलस्केप वही, मधोमध रेघ, डावीकडे 'गेले', उजवीकडे 'आले'. आता घरच्याच चार खोल्यांत पाहुणे ठेवते आणि रात्री जेवताना कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, उद्या कुठल्या बोटीने जाऊ?" मी नाव सांगत नाही, काय बघायचं ते सांगते. तेच इथे लिहिते आहे. मालवणला गाडीने येणाऱ्यांसाठी तर आहेच, पण मुंबईहून क्रूझने गोव्यात मुरगावला उतरून चार तासांत तिथल्या ग्रँड आयलंडला बुडी मारून परतणाऱ्यांसाठी जास्त. हे गिऱ्हाईक पुन्हा दिसणार नाही, हे बोटवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

पैसे देण्याआधी विचारा: बोट कोणाची? तिकीट विकणारा एक असतो, मग तो रिक्षावाला असो, हॉटेल असो की जहाजावरचं टूरचं काउंटर. बोट दुसऱ्याची असते आणि पाण्यात हात धरून नेणारा मुलगा तिसऱ्याचा. काही झालं की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. जहाजाच्या तिकिटाच्या अटींतही बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किनाऱ्यावरची सहल चालवणारा स्वतंत्र आहे, आमचा नाही. म्हणून पावतीवर बोटीचं नाव घ्या. पैसे फोनवरून देत असाल तर ते कोणाच्या नावावर गेले याचा स्क्रीनशॉट ठेवा. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लिहिलेल्या नंबरचा फोटो काढा. नंबर 'आयएनडी-एमएच' असा सुरू होत असेल तर ती मासेमारीची नोंदणी. तशी होडी वाईट नसते, माझ्या सासऱ्यांची तीच आहे. पण पर्यटक न्यायचा परवाना वेगळा असतो. आपल्याकडे तो महाराष्ट्र सागरी मंडळाचा, गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे. परवान्यावर किती माणसं बसवायची तो आकडा असतो. तो बघायला मागा आणि बोटीतली डोकी मोजा. जास्त भरली तर उतरा. पैसे बुडाले तर बुडू देत.

२४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली. वीस पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. तेव्हा हंगाम संपायला आला होता. मे अखेरीस दर्या बदललेला असतो, तरी सुट्ट्यांची गर्दी असते आणि प्रत्येकाला शेवटचे चार पैसे करून घ्यायचे असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मी माझ्या पाहुण्यांना समुद्रात पाठवत नाही. एरवीही सकाळची पहिली बोट घ्या. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा असतो, पाणी तेलासारखं पडलेलं असतं. दुपारी समुद्रावरचा खारा वारा चढला की लाटा उठतात आणि खालचं पाणी गढूळतं. देवबागच्या संगमावरून जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून घ्या. कर्ली नदीचं पाणी बाहेर ओढतं, समुद्राची लाट आत येते, दोन्ही भिडतात तिथे होडी उभी राहते. तिथे लाइफ जॅकेट मांडीखाली घेऊन बसू नका. अंगात घाला, पट्टे आवळा, मुलांच्या पायांमधला पट्टाही. जाताना सगळे घालतात, येताना ओलं नको म्हणून काढतात, आणि तारकर्लीची बोट उलटली ती येतानाच.

आता यादी. माझं सगळ्यात जास्त मन यात अडकलेलं आहे.

एप्रिलमधला रविवार होता. 'गेले'खाली चौदा नावं. बोट आली, मी 'आले'खाली खुणा करत गेले, तर तेरा. इचलकरंजीचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा नव्हता. त्याची आई कोरडा टॉवेल उघडून माझ्या समोर उभी होती. बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "असतलो गो, दुसऱ्या होडयेत चडलो असतलो." वीस मिनिटांनी मुलगा खरंच दुसऱ्या बोटीतून उतरला. जागा कमी पडली म्हणून परस्पर तिकडे बसवला होता. ती वीस मिनिटं आईने टॉवेल खाली केला नाही. संध्याकाळी मालक मला म्हणाला, गिऱ्हाइकांसमोर आरडाओरडा करायचा नाही. हंगाम संपला आणि मी ते काम सोडलं.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक जोडपं खरंच पाण्यात मागे राहिलं. बोट निघून गेली. त्यांच्या बॅगा बोटीवरच पडून होत्या, पण दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. ते दोघं सापडले नाहीत. म्हणून सांगते, नुसता आकडा मोजणाऱ्यावर विसंबू नका, नावं पुकारायला लावा. तुमचे चार असतील तर नांगर उचलण्याआधी मोठ्याने सांगा, "आमचे चार आले." मधेच दुसऱ्या बोटीत चढायला सांगितलं तर नकार द्या.

फॉर्म नीट वाचा. दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, सर्दी असे प्रश्न असतात आणि लोक एका दमात खाली 'नाही नाही नाही' लिहीत जातात. मी हजारदा पाहिलंय. साधी सर्दी असली तरी कानातला दाब निघत नाही आणि पडदा दुखावतो. पहिल्या दोन-तीन मीटरांतच कळतं. नाक दाबून हळूच फुंकायचं, दुखलं तर तिथेच थांबायचं. खाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे रोखलेली हवा वर येताना दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. आणखी एक: पाण्यात अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर न्या'. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.

बोटीवरच रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन, तोंडात धरून दोन श्वास घ्या. तेलाचा, धुराचा वास आला तर पाण्यात उतरू नका. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढलेला असतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा २०० बारच्या आसपास असायला पाहिजे. 'कोणाला त्रास झाला तर द्यायला शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर बोटीवर आहे का, दाखवा' असं म्हणा. चांगला बोटवाला चिडत नाही, उलट खूश होऊन दाखवतो.

एका बुडीनंतर किमान १२ तास विमान नको, जास्त बुड्या मारल्या तर १८. चिपी किंवा मोपा विमानतळावरून संध्याकाळचं तिकीट असेल तर स्कूबा आदल्या दिवशी उरका. क्रूझवाल्यांनी जहाज सुटायच्या तीन तास आधी किनाऱ्यावर यायचं ठरवूनच निघावं. बाहेरून परस्पर बोट ठरवली तर जहाज थांबत नाही आणि त्या घाईत मोजणी चुकते.

काही बिनसलं तर तटरक्षक दलाचा १५५४, पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन आत्ताच फोनमध्ये घाला.

'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतली म्हणून बोटवाल्याचा हलगर्जीपणा माफ होत नाही. सहीआधी कागदाचा फोटो काढा. धोकादायक किंवा जास्त भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसं नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली गुन्हा आहे, त्याची तक्रार पोलिसांत करता येते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १९१५ वर फोन केला तर रस्ता सांगतात. आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, त्यासाठी मालवणला किंवा गोव्याला परत यावं लागत नाही.